गोचिडासाठी कपाशीचं औषध: एक म्हैस, एक बैल आणि एका वगारीचं प्रकरण

ऑर्गॅनोफॉस्फेट (शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांचा एक गट) विषबाधेवर उतारा कोणता, असं विचारलं की पशुवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही 'ॲट्रोपिन' म्हणून मोकळा होतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ४०० किलोच्या जनावराला किती मिली द्यायचं, बॅगेत तेवढं आहे का, नसेल तर कुणाला आधी द्यायचं, आणि थांबायचं कधी? पुढचं प्रकरण या प्रश्नांभोवती फिरतं. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधांच्या मात्रा आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

विदर्भाच्या कापूसपट्ट्यातलं गाव, ऑगस्टचा उत्तरार्ध. गोठ्यात तीन जनावरं: साधारण ४०० किलोची दुभती म्हैस, तिची चार महिन्यांची ७० किलोची वगार आणि ३५० किलोचा बैल. पावसाळ्यात गोचीड वाढले होते. कानाच्या आत, मांडीच्या सांध्यात आणि शेपटीच्या बुडाशी नुसता खच. शेजारच्या वाडीत एक गाय गोचीडतापाने गेली होती, त्यामुळे मालक धास्तावलेला होता.

घरात कपाशीच्या फवारणीतून उरलेली बाटली होती. त्यात प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट ४० टक्के आणि सायपरमेथ्रिन हे वेगळ्या गटातलं कीटकनाशक ४ टक्के होतं. बोंडअळी, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी हे मिश्रण सर्रास वापरलं जातं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर विदर्भातल्या काही जिल्ह्यांत ज्या कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली होती, त्यांत हे मिश्रणही होतं. जनावराच्या अंगावर ते वापरायला कधीच परवानगी नव्हती. पण 'कपाशीवरची कीड मरते, मग गोचीड का नाही' हा हिशेब गावोगाव चालतो. गोचीड मरतातही, म्हणून ही सवय सुटत नाही.

मालकाने सकाळी सातच्या सुमारास अर्धा लिटर गोडेतेलात बाटलीच्या टोपणाने दोन टोपणं, म्हणजे अंदाजे ४० मिली औषध कालवलं आणि फडक्याने तिन्ही जनावरांना चोळलं. म्हशीला निम्म्याच्या आसपास, बैलाला त्याहून थोडं कमी, आणि उरलेलं वगारीला.

इथे थोडं गणित करावंच लागेल. ४० टक्के म्हणजे दर मिलीत ४०० मिलिग्रॅम. ४० मिलीत १६ ग्रॅम प्रोफेनोफॉस आलं. ५४० मिली तेलमिश्रणात त्याची तीव्रता दर मिलीत सुमारे ३० मिलिग्रॅम होते. कपाशीवर फवारताना एका लिटर पाण्यात २ मिली टाकलं, तर ती तीव्रता दर मिलीत ०.८ मिलिग्रॅम असते. म्हणजे पिकावर जे जातं त्याच्या ३७ पट तीव्र मिश्रण कातडीवर गेलं. वगारीच्या वाट्याला १०० मिली आलं असं धरलं, तर तिच्या अंगावर दर किलो वजनामागे ४३ मिलिग्रॅम पडलं. म्हशीवर १९ आणि बैलावर १६. लहान जनावराला 'थोडंसंच' लावलं असं वाटतं, पण वजनाच्या मानाने सर्वांत मोठी मात्रा त्यालाच बसते. त्यात तेल. ही औषधं चरबीत विरघळतात. पाण्यातलं मिश्रण काही अंशी वाळून किंवा ओघळून जातं, तेलातलं कातडीला धरून बसतं आणि तासन्‌तास आत मुरत राहतं. शिवाय जनावर ते चाटतं.

काय घडलं

सव्वानऊला वगारीच्या तोंडातून तार धरून लाळ गळू लागली. पाऊण तासात ती अडखळून बसली. म्हैस सारखं पातळ शेण टाकू लागली, खांद्याचे स्नायू थरथरू लागले. शेजाऱ्याने 'विष उतरतं' म्हणून दूध आणि तूप एकत्र करून बांबूच्या नळीने वगारीला आणि म्हशीला पाजलं. दहा वाजून वीस मिनिटांनी पशुवैद्यकाला फोन गेला तो असा: "लाळ्या-खुरकूत झाला वाटते जी, लवकर या."

अकरा वाजता पशुवैद्यक पोहोचले.

तपासणी आणि पहिला निर्णय: हे आहे तरी काय?

तोंडात किंवा खुरांत फोड नव्हते, ताप नव्हता, आणि एकाच सकाळी तिन्ही जनावरं एकदम आजारी. लाळ्या-खुरकूत तिथेच बाद झाला. "अंगाले काय लावलं का?" या प्रश्नावर आधी "काहीच नाही," आणि मग "गोचिडाचं औषध लावलं फक्त," असं उत्तर आलं.

हे उत्तर वाट चुकवणारं होतं. गोचिडाचं औषध म्हटलं की पहिली आठवण अमिट्राझची होते, आणि अमिट्राझच्या विषबाधेत ॲट्रोपिन हे चुकीचं औषध आहे. अमिट्राझ झायलाझिन या गुंगीच्या औषधासारखं काम करतं. जनावर गुंगतं, बाहुल्या मोठ्या होतात, नाडी मंदावते, पोट थांबून फुगतं. मंद नाडी बघून ॲट्रोपिन दिलं तर थांबलेलं पोट आणखी थांबतं. तिथे योहिम्बिन किंवा ॲटिपामेझोल हा उतारा लागतो.

नुसतं सायपरमेथ्रिन असतं तर? लाळ, थरथर, कान झटकणं, अंग चोळणं दिसलं असतं, पण फुप्फुसात पाणी भरल्यासारखा आवाज आणि टाचणीएवढ्या बाहुल्या सहसा दिसत नाहीत.

प्रत्यक्ष तपासणीत वगार कुशीवर पडलेली, जीभ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी मिनिटाला ४४, छातीत दोन्ही बाजूंनी बुडबुड्यांचा आवाज. म्हैस उभी, पण पाय ताठ. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, लघवी थेंबथेंब, श्वास मिनिटाला ४८, बाहुल्या बारीक. बैलाला फक्त थोडी लाळ आणि डोळ्यांना पाणी. तिघांच्याही अंगाला रॉकेल आणि लसूण यांच्या मधला एक उग्र वास.

बाटली बघायला मागितली. मालक टाळत होता. "दादा, पोलिसाले सांगाचं नाही मले. बाटलीवर औषधाचं नाव असते, तेवढं पाहू द्या," असं म्हटल्यावर ती गोठ्याच्या आढ्यावरून खाली आली. या एका वाक्याने निदानाची पंधरा मिनिटं वाचली. विषबाधेत मालक खोटं बोलतो तो बहुतेक वेळा भीतीपोटी. आधी ती भीती काढावी लागते.

बाटली मिळाली नसती तर ॲट्रोपिनची चाचणी मात्रा हा मार्ग होता. दर किलोला ०.०२ मिलिग्रॅम शिरेतून द्यायचं आणि काही मिनिटं थांबायचं. तेवढ्याशा मात्रेने तोंड कोरडं पडलं, नाडी वाढली, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर ऑर्गॅनोफॉस्फेटची गंभीर विषबाधा असण्याची शक्यता कमी. काहीच फरक पडला नाही, तर शंका पक्की.

दुसरा निर्णय: १२० मिली कुणाला?

बॅगेत ॲट्रोपिन सल्फेटच्या १० मिलीच्या १२ कुप्या होत्या, दर मिलीत ०.६ मिलिग्रॅमच्या. एकूण १२० मिली, म्हणजे ७२ मिलिग्रॅम.

रवंथ करणाऱ्या जनावरांत या विषबाधेची मात्रा दर किलोला ०.१ ते ०.५ मिलिग्रॅम धरतात. मधली ०.२५ घेतली तर म्हशीला १०० मिलिग्रॅम, म्हणजे १६७ मिली लागतात. बैलाला ८७.५ मिलिग्रॅम, म्हणजे १४६ मिली. वगारीला १७.५ मिलिग्रॅम, म्हणजे २९ मिली. एकूण ३४२ मिली, आणि हातात १२०.

वर्गात मिलिग्रॅम शिकवले जातात, गोठ्यात मात्र मिली मोजावे लागतात, आणि या दोहोंच्या मधल्या फटीत जनावरं मरतात. माणसांसाठी बनवलेल्या ०.६ मिलिग्रॅमच्या एक-एक मिलीच्या कुप्या वापरायच्या झाल्या तर एका म्हशीला १६७ कुप्या फोडाव्या लागतील. 'ॲट्रोपिन दिलं पण उतार पडला नाही' अशी तक्रार ऐकू येते तेव्हा पुष्कळदा दिलेलं असतं ५ किंवा १० मिली. ४०० किलोच्या जनावराला १० मिली म्हणजे दर किलोला ०.०१५ मिलिग्रॅम, चाचणी मात्रेपेक्षाही कमी.

समोर तीन पर्याय होते.

एक, तिघांना वाटून देणं. दिसायला न्याय्य, पण मग कुणालाच पुरेशी मात्रा मिळत नाही.

दोन, वगारीची आशा सोडून सगळं म्हशीला देणं. घराचं उत्पन्न म्हशीवर होतं आणि वगार अत्यवस्थ होती. तरीही वगारीला पूर्ण मात्रेसाठी फक्त २९ मिली लागणार होते. ते वाचवून म्हशीच्या मात्रेत फार मोठा फरक पडत नव्हता.

तीन, वगारीला पूर्ण मात्रा, उरलेलं म्हशीला, बैलाला फक्त धुणं आणि नजर, आणि तोवर आणखी औषध आणायला माणूस पाठवणं.

तिसरा पर्याय निवडला. म्हशीच्या वाट्याला ९० मिली, म्हणजे ५४ मिलिग्रॅम आले. दर किलोला सुमारे ०.१३५. खालच्या मर्यादेच्या वर, म्हणून सुरुवातीला चालण्याजोगं.

औषध कुठून आणायचं, हाही निर्णयच होता. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात साठा होता का, ते फोनवर विचारलं. तिथे ८० मिली होतं. कापूसपट्ट्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत फवारणीच्या रुग्णांसाठी ॲट्रोपिन ठेवलेलं असतं. पण तो माणसांसाठीचा साठा आहे आणि ऐन हंगामात तो जनावरांसाठी मागणं बरोबर नाही. म्हणून उरलेलं १२० मिली तालुक्याच्या औषधाच्या दुकानातून विकत आणायचं ठरलं. मालकाचा भाऊ मोटरसायकलने निघाला.

देण्याची पद्धत

एक चतुर्थांश मात्रा शिरेतून सावकाश, उरलेली त्वचेखाली, हा नेहमीचा क्रम. शिरेतली मात्रा लगेच काम करते, त्वचेखालची हळूहळू मुरून पुढचे काही तास पुरते.

वगारीबाबत एक धोका होता. जीभ निळी पडलेल्या, प्राणवायू कमी पडलेल्या जनावराला ॲट्रोपिन शिरेतून भरभर दिलं तर हृदयाची लय बिघडून ते जागीच जाऊ शकतं. प्राणवायूचं नळकांडं गोठ्यात नव्हतं. म्हणून आधी तिला छातीवर बसवलं, मान लांब करून तोंड खाली केलं, घशातला फेस आणि तूप फडक्याने काढलं. मग ७ मिली सलाईनमध्ये मिसळून शिरेतून चार-पाच मिनिटांत, आणि २२ मिली त्वचेखाली दिलं.

म्हशीला २२ मिली शिरेतून, ६८ मिली मानेच्या दोन्ही बाजूंना चार ठिकाणी वाटून त्वचेखाली.

पंधरा-वीस मिनिटांत म्हशीची लाळ तुटली. बारा वाजता श्वास ४८ वरून ३६ वर आला. थरथर मात्र होती तशीच. अशा वेळी थरथर बघून 'औषध लागू पडत नाही' म्हणत ॲट्रोपिन वाढवत नेण्याची चूक होते. ॲट्रोपिन फक्त मस्कॅरिनिक जागांवर काम करतं: लाळग्रंथी, श्वासनलिका, आतडी, हृदय, बाहुली. स्नायूंची थरथर निकोटिनिक जागांवरून येते. तिथे ॲट्रोपिनचा हात पोहोचत नाही. म्हणून किती द्यायचं हे लाळ सुकण्यावरून आणि छाती मोकळी होण्यावरून ठरवायचं. बाहुलीवरूनही नाही, कारण औषध डोळ्यात गेलं असेल तर बाकी शरीर सुधारल्यावरही बाहुली बारीक राहू शकते.

थरथर आवरायला म्हशीला डायझेपाम दर किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ४० मिलिग्रॅम (दर मिलीत ५ मिलिग्रॅमचं ८ मिली) शिरेतून सावकाश दिलं. या थरथरीत सायपरमेथ्रिनचाही वाटा होता. शरीर सायपरमेथ्रिन ज्या एस्टरेज विकरांनी (एन्झाइमांनी) तोडतं, तीच विकरं प्रोफेनोफॉस बंद पाडतं. त्यामुळे मिश्रणातलं ४ टक्के सायपरमेथ्रिन एरवीपेक्षा जास्त टिकतं आणि जास्त बाधतं.

धुणं: औषधाइतकंच मोलाचं

औषध भरत असतानाच घरातल्या दोघांना बैल धुवायला लावलं होतं. बैलाला धुण्याआधी त्यांच्या हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या मनगटाला दोरीने बांधल्या. तेल असल्याने नुसतं पाणी घसरून जातं, म्हणून भांड्यांचा साबण वापरला. पाणी थंड. गरम पाण्याने कातडीचा रक्तप्रवाह वाढतो आणि विष जास्त मुरतं. खरारा किंवा काथ्या घासायचा नाही, ओरखडे पडले की तीच वाट होते. कानांच्या आत, मानेखालची पोळी, काखा, मांड्यांमधली जागा, कास. प्रत्येक जनावराला तीनदा साबण, तीनदा भरपूर पाणी. वाहून जाणारं पाणी विहिरीकडे किंवा पिण्याच्या हौदाकडे जाऊ नये म्हणून गोठ्याच्या मागे चर काढला.

सकाळी मालकासोबत त्याची बायकोही उघड्या हातांनी औषध चोळत होती. तिला डोकेदुखी आणि मळमळ सुरू झाली होती. तिला कपडे बदलून, साबणाने अंग धुवून, बाटली सोबत देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. गोठ्यात पोहोचल्यावर माणसांची चौकशी आधी करावी, जनावरांची नंतर. इथे ती चौकशी अर्धा तास उशिरा झाली.

पाम द्यायचं की नाही

पाठ्यपुस्तकातला पुढचा शब्द प्रालिडॉक्झिम, म्हणजे पाम. दर किलोला २० मिलिग्रॅम धरलं तरी म्हशीला ८ ग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमच्या आठ कुप्या, आणि दर आठ-बारा तासांनी पुन्हा. मालकाने विचारलं, "साहेब, सांगा किती लागतात, मी करतो."

इथे बाटलीवरचं नाव दुसऱ्यांदा कामी आलं. ऑर्गॅनोफॉस्फेट कोलिनेस्टरेज या मज्जातंतूंचा संदेश थांबवणाऱ्या विकराला चिकटून ते बंद पाडतं. पामचं काम म्हणजे हे चिकटलेलं विष सोडवणं. पण काही काळाने ही चिकटण कायमची पक्की होते, तिला 'वय होणं' म्हणतात. त्यानंतर पाम निरुपयोगी. क्लोरपायरीफॉससारख्या विषात हा वेळ तासांत मोजावा लागतो, म्हणून तिथे पहिल्या दिवशी पामला अर्थ आहे. प्रोफेनोफॉस एस-अल्किल गटातलं आहे. त्याची चिकटण फार लवकर पक्की होते आणि पाम ज्या ऑक्झिम गटातलं आहे त्यातली औषधं त्याला सोडवू शकत नाहीत. आणि विष लावून चार तास झाले होते. म्हणून पाम न आणता तो पैसा ॲट्रोपिनवर घालायचं ठरलं. हा निर्णय योग्य होता. बाटलीवर क्लोरपायरीफॉस असतं तर उलट ठरवायला हवं होतं. आणि कार्बारिलसारखं कार्बामेट असतं तर पाम टाळायलाच हवं होतं.

वगारीचा मृत्यू

बारा वाजून चाळीस मिनिटांनी वगार गेली. शवविच्छेदनात श्वासनलिका फेसाने भरलेली, फुप्फुसं जड आणि पाण्याने ओथंबलेली. उजव्या फुप्फुसाच्या पुढच्या भागात, बारीक नळ्यांपर्यंत तुपाचा थर होता. विषाने आधीच भरत आलेल्या छातीत पाजलेलं तूप उतरलं होतं. लाळ गळणाऱ्या, थरथरणाऱ्या जनावराला गिळता येत नाही. त्याला काहीही पाजणं म्हणजे ते फुप्फुसात ओतणं. आणि पोटात गेलं तरी दूध-तुपाने ही विषं उतरत नाहीत. चरबीसोबत उलट चांगली शोषली जातात.

मेंदूचा अर्धा भाग, यकृत, पोटातला ऐवज आणि तेल लागलेले केस वेगवेगळ्या स्वच्छ काचेच्या बरण्यांत बर्फावर ठेवले. रासायनिक तपासणीच्या नमुन्यात फॉर्मॅलिन घालायचं नाही. म्हशीचं रक्त हेपारिनच्या नळीत घेऊन कोलिनेस्टरेजसाठी बर्फावर पाठवलं. ॲट्रोपिन दिल्यावरही हा नमुना चालतो, कारण ॲट्रोपिन विकराला हात लावत नाही. पाम देणार असाल तर मात्र नमुना त्याआधी घ्यावा लागतो. नंतर आलेल्या अहवालात म्हशीच्या रक्तातलं विकर नेहमीच्या पाव हिश्शापेक्षा कमी होतं.

दुपार ते मध्यरात्र

दोन वाजता २०० मिली ॲट्रोपिन पोहोचलं. छाती अजून पूर्ण मोकळी नव्हती, म्हणून म्हशीला ७५ मिली (४५ मिलिग्रॅम) त्वचेखाली. सकाळचे ५४ धरून ९९ मिलिग्रॅम, म्हणजे ठरवलेली मात्रा पूर्ण. बैलाची लाळ वाढली होती, त्याला ६० मिली त्वचेखाली. ६५ मिली रात्रीसाठी राखून ठेवलं. म्हशीने अंग चाटलं होतं, म्हणून ५०० ग्रॅम सक्रिय कोळसा चार लिटर पाण्यात कालवून नळीने थेट पोटात दिला. चुलीतल्या कोळशाची पूड ही त्याची जागा घेत नाही, तिच्यात विष शोषायची ताकद फार कमी असते.

संध्याकाळपर्यंत म्हैस चारा हुंगू लागली. रात्री एक वाजता पुन्हा फोन. लाळ, फेस, छातीत बुडबुडे. ॲट्रोपिनचा असर ओसरणार आणि विष आत असेल तर लक्षणं परतणार, हे अपेक्षित होतं. पण इतक्या जोराने का? कंदिलाच्या उजेडात कारण सापडलं. म्हशीचं दावं सकाळी तेलात भिजलं होतं, ते बदललंच नव्हतं. बसल्या जागी ती ते चघळत होती. दाव्याचा गळ्याजवळचा हातभर भाग काळपट, चिकट, आणि त्याला तोच लसणासारखा वास. शेपटीचा गोंडाही तेलकट राहिला होता, आणि त्या गोंड्याने ती दिवसभर पाठीवर फटके मारत होती.

राखून ठेवलेलं ६५ मिली दिलं: १५ शिरेतून, ५० त्वचेखाली. दावं काढून जमिनीत पुरलं, गोंड्याचे केस कापले, अंग पुन्हा धुतलं, गव्हाणीतला चारा बदलला. पहाटे चारला छाती मोकळी झाली.

तिसरा निर्णय: पोट फुगलं, आता?

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्र उलटं झालं. नाकपुडी कोरडी, बाहुल्या मोठ्या, नाडी ११०, डावी भकाळी फुगलेली, रुमेनची (रवंथाच्या मोठ्या पोटाची) हालचाल शून्य. ॲट्रोपिनचा परिणाम आता जास्त झाला होता. मदतीला आलेल्या पशुधन पर्यवेक्षकाने विचारलं, "पोट चालू करायला निओस्टिग्मिन मारू का?"

रुमेन थांबलं की निओस्टिग्मिन, ही खेड्यापाड्यातली रोजची सवय. एरवी ठीक. पण निओस्टिग्मिन स्वतः कोलिनेस्टरेजच बंद पाडतं. ज्या म्हशीकडे हे विकर पाव हिश्श्याहून कमी उरलं आहे, तिला ते देणं म्हणजे नव्याने विष देणं. मेटोक्लोप्रामाइडही त्याच कारणाने टाळलं. समोरचे दोनच मार्ग सुरक्षित होते: ॲट्रोपिन थांबवणं आणि वाट बघणं. नळी टाकून वायू काढला, सिमेथिकोनचं औषध नळीतूनच दिलं, क्षार घातलेलं पाणी दिलं, आणि दर दोन तासांनी भकाळीवर मूठ ठेवून हालचाल मोजत राहिले. रात्री नऊ वाजता पहिली लाट जाणवली. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हैस रवंथ करत होती.

या काळात टाळायच्या औषधांची यादी गोठ्याच्या खांबावर कागद चिकटवून लिहिली होती, कारण रात्री वेगळा माणूस येणार होता: ट्रायफ्लुप्रोमाझिन आणि त्या गटातली गुंगीची औषधं, झायलाझिन, जंतासाठी लेव्हामिसॉल, आणि जेंटामायसिन-स्ट्रेप्टोमायसिन गटातली प्रतिजैविकं. ही प्रतिजैविकं मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावरच परिणाम करतात आणि आधीच थकलेले श्वासाचे स्नायू थांबवू शकतात. तुपाच्या भीतीने म्हशीच्या छातीसाठी प्रतिजैविक द्यायचं होतं, तिथे सेफ्टिओफर वापरलं.

पुढे काय झालं

बैल दुसऱ्या दिवशी बरा. म्हैस पाचव्या दिवशी पूर्ण खाऊ लागली. दुधाचा प्रश्न उरला. हे मिश्रण दुभत्या जनावरासाठी नाहीच, त्यामुळे दूध किती दिवस टाकायचं याचा छापील आकडा कुठेच नाही. किमान दोन आठवडे दूध काढून खड्ड्यात ओतायचं, डेअरीला किंवा घरात द्यायचं नाही, असं ठरलं. मालकाने ते पाळलं.

वगार गेल्यामुळे म्हैस पान्हा सोडेना. सातव्या दिवशी मालकाने ऑक्सिटोसिनची सुई मागितली. ती न देता धारेच्या वेळी समोर ओली सरकी ढेप ठेवणं, कास कोमट पाण्याने पुसून दोन मिनिटं चोळणं आणि रोज त्याच माणसाने त्याच वेळी धार काढणं, एवढंच सांगितलं. आठवड्याभरात म्हैस त्यावर आली. तीन आठवडे मागच्या पायांच्या ताकदीवर नजर ठेवली, कारण काही ऑर्गॅनोफॉस्फेटांत उशिरा येणारा लुळेपणा दिसतो. इथे तो आला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या फोनवरच तीन गोष्टी सांगता आल्या असत्या: काही पाजू नका, हातांत पिशव्या घालून साबणाने धुवायला लागा, घरातली सगळी औषधांची बाटली-पाकिटं समोर आणून ठेवा. वगारीला तूप फोनच्या आधीच पाजलं गेलं होतं, ते टळलं नसतं. पण धुणं चाळीस मिनिटं आधी सुरू झालं असतं.

दावं, झूल, खुंटा, गव्हाण, धुण्याचं फडकं यांची यादी करून ती पहिल्याच दुपारी बदलायला हवी होती. मध्यरात्रीचा झटका पूर्णपणे टाळण्यासारखा होता. रात्रीसाठी ६५ मिली राखून ठेवलं नसतं, तर म्हैसही गेली असती.

रात्रीच्या मात्रेनंतर पहाटे चारला छाती मोकळी झाली, पण त्यानंतर पोट थांबतंय का हे बघायला दुपारपर्यंत कुणी भकाळीला हात लावला नाही. ॲट्रोपिन दिल्यावर दर दोन तासांनी चार गोष्टी लिहायच्या: लाळ, छातीचा आवाज, नाडी, रुमेनच्या हालचाली. पहिल्या दोन बिघडल्या तर औषध कमी पडतंय, शेवटच्या दोन बिघडल्या तर जास्त होतंय.

गोचिडांसाठी या घराला आता दिलेला उपाय: अमिट्राझ १२.५ टक्के, लिटर पाण्यात २ मिली, फवारून, अंगावर जखम नसताना. किंवा फ्लुमेथ्रिन १ टक्का पाठीच्या कण्यावरून, दर १० किलोला १ मिली. त्यासोबत गोठ्याच्या भेगा बुजवणं, कारण गोचिडांची मादी अंडी जनावरावर घालत नाही, भिंतीच्या फटीत घालते.

आणि बॅगेच्या झाकणाच्या आत चिकटवायचा कागद, ०.६ मिलिग्रॅमच्या कुपीसाठी, दर किलोला ०.२५ मिलिग्रॅम या हिशेबाने: ५० किलो, २१ मिली. १०० किलो, ४२ मिली. २०० किलो, ८३ मिली. ३०० किलो, १२५ मिली. ४०० किलो, १६७ मिली. पाव भाग शिरेतून सावकाश, उरलेलं त्वचेखाली. कुपीवरची तीव्रता आधी वाचायची. ती वेगळी असेल तर हे सगळे आकडे बदलतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात बॅगेत किमान २५० मिली असायला हवं.